सॉफ्टवेअर चाचणी : जबाबदारीची वाटणी

सॉफ्टवेअर तयार करणारा विकासक आणि ते करून घेणारा ग्राहक यांनी कोणकोणत्या चाचण्या घ्यायच्या, हे ठरवणारी व्यवस्था. सांगितल्याप्रमाणे प्रोग्राम चालतो का, हे विकासकाने तपासायचे. जे सांगितले तेच मुळात हवे होते का, हे मात्र ग्राहकालाच कळते.

विकासक आधी एकेक भाग सुटा तपासतो (युनिट टेस्ट), मग भाग जोडून आणि शेवटी सगळी प्रणाली चालवून. ग्राहकाची ती स्वीकृती चाचणी, आयटीतल्या बोलीत ‘यूएटी’. ग्राहकाची सही झाली की पुढचा हप्ता निघतो, म्हणून सहीची घाई दोन्हीकडून होते. सही झाल्यावर सापडलेली चूक ‘बग’ की नवी मागणी, यावर वाद रंगतात.

अकोटच्या बाजारात आलेली कापसाची गाडी घ्या. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे 12 पर्यंत टक्क्यामागे 1 टक्का कपात, त्यावर खरेदी नाही. 2025-26 च्या लांब धाग्याच्या 8,110 रुपये भावावर 9 टक्क्यांना क्विंटलमागे 81 रुपये 10 पैसे कमी होतात. खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये हा हिशेब विकासक बिनचूक बसवील. पण ओलावा मोजणाऱ्या मीटरने साडेआठ दाखवले तर कपात अर्धा टक्का की पूर्ण? उत्तर कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरला ठाऊक असते. तो चाचणीला बसलाच नाही, तर विकासक मनानेच काहीतरी धरतो आणि ते पैसे शेतकऱ्याच्या काटापट्टीतून जातात.

चाचणीसाठी खरी माहिती पुरवणे हेही ग्राहकाचेच काम, आणि सर्वांत दुर्लक्षित. 2017 च्या कर्जमाफीत, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत, शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज आणि बँकांच्या नोंदी यांचा मेळ बसेना. ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत एकाच आधार क्रमांकावर अनेक नावे निघाली आणि यादी मागे घ्यावी लागली. वऱ्हाडातल्या कर्जदारांसाठी हा नुसता तांत्रिक घोळ नव्हता. रब्बीच्या तोंडावर वाट पाहण्याचे ते दिवस होते.

पुढच्या कर्जमाफीत, म्हणजे महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत, मात्र 24 फेब्रुवारी 2020 रोजी पहिली यादी 68 गावांपुरतीच लावली गेली. आधार प्रमाणीकरण करताना शेतकऱ्यासमोर त्याच्या कर्जाची रक्कम येई. ती पटली नाही तर तक्रार नोंदवण्याची सोय होती; एका अर्थी ही स्वीकृती चाचणीच. उरलेल्या गावांच्या याद्या त्यानंतर लागल्या.