जाळ्यातली नकोशी पिल्ले

बेल्लमपल्लीच्या कोळसापट्ट्यात राहणाऱ्या आम्हां मराठी घरांना समुद्र दूरच; ताटात सुका बोंबील आला की मात्र कोकण जवळ येते.

हा बोंबील भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावलेल्या डोल जाळ्यात मिळतो. जाळ्याचे टोक बारीक विणीचे, म्हणून जवळ्याबरोबर पापलेटची पिल्लेही अडकतात.

पूर्वी खवळलेल्या दर्यामुळे होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर राहत. माशांच्या विणीलाही सवड मिळे. १९८१ मध्ये महाराष्ट्राने सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा केला. २०१८ पासून कासवासारखा संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई आहे. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा ठरला.

पण पिल्लासाठी जाळे कोण कापणार? लहान पापलेट विकत न घेणे, एवढे तरी आपण दूरवरूनही करू शकतो.