प्रतिध्वनी मत्स्यशोधक

मासेमारी नौकेच्या तळातून पाण्यात ध्वनीचे स्पंद सोडून, परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून समुद्राची खोली, तळाचे स्वरूप आणि मधल्या पाण्यातील माशांचे थवे दाखविणारे उपकरण. प्रतिध्वनी खोलीमापकाचाच हा विकसित प्रकार होय. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या उपकरणाचा इतिहास अन्य मत्स्यप्रधान प्रदेशांहून वेगळा घडला. येथील परंपरागत मासेमारी माशाचा पाठलाग करणारी नव्हती आणि येथील काही प्रमुख मासे ध्वनीला क्षीण प्रतिसाद देणारे आहेत. त्यामुळे कोणते उपकरण घ्यावे व ते कसे बसवावे, हा प्रश्न येथे जाळ्याच्या व मासळीच्या जातीशी निगडित राहिला.

पूर्वपीठिका : यंत्रे येण्यापूर्वी समुद्राची खोली दोरीला बांधलेल्या शिशाच्या ओळंब्याने मोजीत. मापाचे एकक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर (सु. १·८ मी.), हे होते. ओळंब्याच्या तळाशी चरबी लावल्यास तिला चिकटून येणाऱ्या चिखल, वाळू वा शिंपल्यांवरून तळाची जात ओळखता येई. किनाऱ्यावरील डोंगर, देवळे व झाडे यांच्या खुणा एका रेषेत धरून तांडेल मासेमारीची जागा निश्चित करी. वसई, सातपाटी, वर्सोवा इ. कोळीवाड्यांतील प्रमुख साधन म्हणजे डोल जाळे. खुंट्यांना वा नांगरांना बांधलेले हे पिशवीसारखे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून राहते व प्रवाहाबरोबर आलेली मासळी त्यात अडकते. अशा मासेमारीत थवा शोधण्यापेक्षा पाण्याची ओढ, तिथी आणि तळाची माहिती यांनाच अधिक महत्त्व होते.

माशांचा ठाव आवाजावरून घेण्याची कल्पनाही यंत्राहून जुनी आहे. मलायाच्या किनाऱ्यावरील कोळी पाण्यात डोके बुडवून माशांचा आवाज ऐकत व त्यावरून जाळे टाकीत. मुंबईच्या समुद्रातील घोळ, कोथ, ढोमा हे मासे ज्या कुलातील आहेत, त्या कुलातील मासे वाताशयालगतच्या स्नायूंच्या कंपनाने ढोल बडविल्यासारखा आवाज काढतात. या वाताशयालाच कोळी भोत म्हणतात. बाजारात घोळीच्या भोतीला मोठी किंमत येते आणि ध्वनियंत्रालाही मासा दिसतो तो मुख्यतः या हवेच्या पिशवीमुळेच.

शोध व विकास : पाण्यातील ध्वनीचा वेग १८२६ मध्ये कोलाडाँ व स्तुर्म यांनी जिनीव्हा सरोवरात मोजला, तो सेकंदास १,४३५ मी. इतका आला. १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाल्यानंतर पाण्यातील अडथळे ध्वनीने शोधण्याच्या प्रयत्नांना वेग आला. जर्मनीत बेम यांनी, तर अमेरिकेत फेसेन्डेन यांनी या दिशेने प्रयोग केले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी फ्रान्समध्ये लांझव्हँ यांनी क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या साहाय्याने श्राव्यातीत ध्वनी निर्माण केला. १९२५–२७ मधील ‘मीटिअर’ या जर्मन जहाजाच्या मोहिमेने दक्षिण अटलांटिकच्या तळाचे प्रतिध्वनींच्या साहाय्याने विस्तृत मापन केले.

खोली मोजताना तळाच्या वर उमटणाऱ्या खुणा प्रथम दोष मानल्या जात. १९२९ मध्ये जपानमध्ये किमुरा यांनी माशांपासून प्रतिध्वनी मिळतो हे तळ्यातील प्रयोगाने दाखविले. इंग्रज नौकाचालक रोनाल्ड बॉल्स यांनी १९३३ पासून हेरिंग माशांच्या शोधासाठी खोलीमापक वापरला आणि १९३५ मध्ये नॉर्वेचे ऑस्कर सुंद यांनी लोफोतन येथील कॉड माशांच्या थरांचा आलेख प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील नागासाकी भागात फुरुनो बंधूंनी नौदलाची उरलेली खोलीमापके सुधारून १९४८ मध्ये व्यापारी मत्स्यशोधक तयार केला. पुढे कागदावर सुईने आलेख काढणाऱ्या यंत्रांची जागा प्रथम रंगीत पडद्याच्या व नंतर अंकीय यंत्रांनी घेतली.

भारतातील प्रसार : भारत सरकारने १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र स्थापन केले, १९८३ मध्ये त्याचे भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण या संस्थेत रूपांतर झाले. १९५२ च्या करारानुसार केरळात सुरू झालेल्या भारत–नॉर्वे प्रकल्पाने यांत्रिक नौका व आधुनिक साधने यांच्या प्रसारास चालना दिली. १९७१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने कोचीन येथून चाललेल्या प्रकल्पात रत्नागिरीपासून दक्षिणेकडील किनाऱ्यावर तारली, बांगडा इ. माशांच्या साठ्यांचे ध्वनियंत्रांनी सर्वेक्षण झाले. महाराष्ट्रात १९६० नंतर कोळंबीच्या निर्यातीमुळे तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याच्या नौका वाढल्या. जाळे खडकावर फाटू नये म्हणून तळाचे ज्ञान त्यांना आवश्यक होते. थव्याला चहूकडून वेढणारे पर्स सीन जाळे आल्यावर मत्स्यशोधक हे केवळ साहाय्यक साधन न राहता मासेमारीचा आधार बनले.

तत्त्व : समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदास सु. १,५०० मी. असतो. ३० मी. खोलीवर स्पंदाला जाऊन परत यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. अरबी समुद्राच्या उबदार पाण्यात हा वेग सु. १,५४० मी. भरतो, परंतु त्यामुळे ३० मी. खोलीत पडणारा फरक एक मीटरहूनही कमी असल्याने व्यवहारात बाधत नाही. पाणी व हवा यांच्या सीमेवरून ध्वनी जोराने परावर्तित होतो, म्हणून वाताशय असलेल्या माशांचा प्रतिध्वनी ठळक येतो. बोंबील, मुशी व पाकट यांना वाताशय नसतो. प्रौढ पापलेटालाही तो नसतो. त्यामुळे पडदा रिकामा दिसला, तरी पाणी रिकामे असते असे नाही. डोल जाळ्यावर बोंबील पकडणाऱ्याला या यंत्राचा उपयोग मुख्यतः खोली व तळ जाणण्यापुरता होतो. बांगड्याच्या वा घोळीच्या थव्यामागे जाणाऱ्याला मात्र ते दृष्टीच देते.

निवड : उपकरण निवडताना कंप्रता हा पहिला विचार असतो. सामान्यतः ५० व २०० किलोहर्ट्‌झ या कंप्रता वापरात आहेत. कमी कंप्रतेचा ध्वनी पाण्यात कमी शोषला जातो, खोलवर पोहोचतो व रुंद शलाकेने मोठे क्षेत्र व्यापतो. उच्च कंप्रतेचा ध्वनी अरुंद शलाकेने बारकावे दाखवितो. उदा., शलाकेचा कोन ४५° असल्यास ३० मी. खोलीवर सु. २५ मी. व्यासाचे वर्तुळ न्याहाळले जाते, तर १२° असल्यास केवळ सु. ६ मी. व्यासाचे. स्पंदाचा काल हा दुसरा विचार होय. एक सहस्रांश सेकंदाच्या स्पंदाने तळापासून पाऊण मीटरच्या आत असलेला मासा तळापासून वेगळा दिसत नाही; त्याच्या दशांश कालाच्या स्पंदाने हे अंतर साडेसात सेंमी. वर येते. म्हणून तळालगतच्या मासळीसाठी जाळे ओढणाऱ्या नौकेला आखूड स्पंद व उच्च कंप्रता उपयुक्त ठरते. नौकेच्या पुढचे व बाजूचे पाणी पाहण्यासाठी आडव्या दिशेने फिरणारा सोनार लागतो.

बसवणी : महागडे यंत्र वाईट बसवल्यास स्वस्त यंत्राइतकेही काम देत नाही. ध्वनी सोडणारा व घेणारा ऊर्जापरिवर्तक तळकण्याजवळ, नौकेच्या पुढच्या अर्ध्या भागात, पंख्यापासून दूर व बुडबुड्यांचा प्रवाह येणार नाही अशा ठिकाणी बसवितात. त्याचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर असावे लागते. काचतंतूच्या भरीव तळातून ध्वनी जाऊ शकतो, परंतु लाकूड त्याला शोषून घेते. म्हणून लाकडी नौकेत छिद्र पाडून परिवर्तकाचे तोंड पाण्यात आणावे लागते. ओहोटीला नौका चिखलात टेकत असेल, तर तो कण्याच्या खाली येणार नाही याची दक्षता घेतात. त्यावर रंगाचा जाड थर देत नाहीत व शिंपले, शेवाळ वेळोवेळी काढतात. त्याची तार एंजिनाच्या विजेच्या तारांपासून दूर ठेवितात. परिवर्तक पाण्याच्या पातळीखाली जितका असेल, तेवढे अंतर वाचनात मिळवावे लागते. शांत पाण्यात ओळंब्याने खोली मोजून यंत्राचे वाचन पडताळणे ही आजही सर्वांत विश्वसनीय कसोटी होय. संवेदनशीलता फार वाढविल्यास प्लवकांचे ठिपके माशांसारखे भासतात व फार कमी केल्यास विरळ थवा निसटतो. कठीण तळाची रेघ जाड येते व तिच्याखाली दुसरा प्रतिध्वनी उमटतो. मऊ चिखलाची रेघ बारीक व फिकी असते. हे वाचन सरावानेच येते आणि तळ पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या तांडेलाला ते लवकर साधते.

परिणाम : शोध सोपा झाला की माशाला लपण्याची जागा उरत नाही. नॉर्वेच्या समुद्रात सोनार व जाळे ओढणारी यांत्रिक साधने एकत्र आल्यावर १९६० नंतरच्या दशकाअखेर हेरिंगचा साठा कोसळला. महाराष्ट्रातही पारंपरिक मच्छीमार व पर्स सीनधारक यांच्यातील संघर्षाचे मूळ थवा हेरून तो सगळा उचलण्याच्या क्षमतेत आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा या संघर्षाला कायद्याची चौकट देणारा पहिला प्रयत्न होय. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्स सीन मासेमारीवर क्षेत्राची व हंगामाची मर्यादा घालण्यात आली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी केली. मत्स्यशोधकावर स्वतंत्र बंधन नाही व ते घालणे योग्यही ठरणार नाही, कारण साठ्यांचे मोजमापही त्याच तत्त्वावरील यंत्रांनी केले जाते. थवा कोठे आहे हे यंत्र सांगते; त्यातील किती मासे पाण्यात राहू द्यावेत, हे ठरविण्याचे काम मात्र मच्छीमार व शासन यांचेच राहते.