तळटीप : ५०० द्राख्माची नोट

* ५०० द्राख्माची नोट : बँक ऑफ ग्रीसची १९६८ सालची. तिच्यावरच्या तीन आकृती एलेफ्सिस येथे सापडलेल्या संगमरवरी शिल्पपटावरून घेतल्या आहेत. मूळ पट इ.स.पू. पाचव्या शतकातला असून तो अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. डावीकडे धान्यदेवता डीमीटर, मध्ये कोवळा त्रिप्तोलेमोस, त्याच्यामागे देवीची कन्या पर्सेफोनी. डीमीटर त्याला गव्हाच्या लोंब्या देते आणि शेतीची विद्या जगभर पोचवायला पाठवते, अशी कथा आहे. देवतेचा नुसता मुखवटा छापण्याऐवजी दान देण्याचा हा प्रसंग निवडणाऱ्याची जाण मोठी म्हटली पाहिजे. संपत्तीचे मूळ धान्यात आहे, हे चलनी कागदावर याहून नेमके क्वचितच उमटले असेल. पुराणातले चेहरे ग्रीक नोटांना नवे नव्हते. नोव्हेंबर १९४४ मध्ये, नाझी ताब्यातून सुटलेल्या देशात महागाई शिगेला पोचली असताना निघालेल्या १०,००० कोटी द्राख्मांच्या नोटेवर डेइडामिया होती. त्याच महिन्याच्या ११ तारखेला ५,००० कोटी जुन्या द्राख्मांचा एक नवा द्राख्मा ठरला. म्हणजे त्या नोटेची किंमत उरली दोन नवे द्राख्मा. — संपा.