कहरुबा ते कुलोम

फारसी भाषेत 'काह' म्हणजे गवताची काडी आणि 'रुबा' म्हणजे ओढून नेणारा. झाडाच्या चिकापासून लाखो वर्षांत तयार झालेला पिवळा खडा लोकरीवर घासला की काडी ओढून घेतो, म्हणून त्याचे नाव 'कहरुबा'. अकराव्या शतकात अल-बेरुनीने रत्नांवरील आपल्या ग्रंथात त्याची नोंद घेतली. अरबीत आजही विजेला 'कहरबा' म्हणतात. याच खड्याच्या 'इलेक्ट्रॉन' या ग्रीक नावावरून 'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द झाला.

हा गुण सुतळीतून दूरवर जातो, रेशमी धाग्यातून मात्र जात नाही, असे 1729 साली इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे यांना आढळले. येथून वाहक आणि दुर्वाहक हा भेद कळला. 1785 साली फ्रान्सच्या कुलोम यांनी बारीक तारेच्या पिळावरून विद्युतभारित गोळ्यांमधील बल मोजले. गोळ्यांमधील अंतर 36 अंशांवरून 18 अंशांवर आणावयास तारेचा पीळ 36 वरून 144 अंश करावा लागला. अंतर निम्मे, बल चौपट! भारित गोळ्याला तेवढाच दुसरा कोरा गोळा टेकविला की भार दोघांत समान वाटला जातो, हेही त्यांनी उपयोगात आणले. गोळे लहानमोठे असतील तर मोठ्याच्या वाट्याला अधिक भार येतो. पृथ्वी तर एवढी अवाढव्य, की तिला जोडलेल्या वाहकाकडे भार जवळजवळ उरतच नाही. यालाच आपण 'अर्थिंग' म्हणतो.

विद्यार्थी मित्रांनो, हा विषय परीक्षेपुरता नाही. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. मृगाच्या तोंडावर पेरणीसाठी माणसे वावरात असतात आणि तेव्हाच आभाळ कडाडते. मोकळ्या वावरात उभा माणूस आणि एकटे झाड, दोन्ही विजेला जवळची. म्हणून झाडाखाली न थांबता पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेची पूर्वसूचना देते, ते पालकांनी जरूर ठेवावे.

वीज पडलेल्या माणसाला शिवू नये, हा समज मात्र घातक आहे. भार क्षणात जमिनीत गेलेला असतो. त्याच्या अंगात वीज उरत नाही. त्याला शेणात पुरून वेळ दवडू नये. श्वास व नाडी बंद असेल तर लगेच छाती दाबावी आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कुलोमच्या गोळ्यांचा धडा ज्याला समजला, तो त्या वेळी मागे सरणार नाही.