पोळी कुणाची, टाळी कुणाची? जाहिरात एजन्सीतील ‘क्लायंट मॅनेजर’चा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास

१/ #थ्रेड
डिजिटल जाहिरात एजन्सीत ‘क्लायंट मॅनेजर’ नावाचे एक पद असते. सकाळी जाहिरातदार कंपनीचा फोन, दुपारी स्वतःच्याच डिझायनरशी वाद, सायंकाळी आकड्यांचा अहवाल. दोन्हीकडची बोलणी खाणारा हा माणूस नेमका कुणाचा? जाहिरातदाराचा, एजन्सीचा, की जिथे जाहिरात झळकते त्या माध्यमाचा? हा प्रश्न इंटरनेटहून फार जुना आहे.

२/ ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण या इतिहासात वाटाड्याचे काम करते. पदनामे बदलत गेली: एजंट, सॉलिसिटर, अकाउंट एक्झिक्युटिव्ह, क्लायंट सर्व्हिसिंग, क्लायंट मॅनेजर. परंतु त्या माणसाची निष्ठा कुठे होती हे पाहायचे असेल, तर त्याचा मोबदला कुणाच्या खिशातून येत होता हे आधी पाहावे लागते.

३/ आरंभ अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, १८४० च्या दशकाच्या सुरुवातीस होतो. व्होल्नी पामर या गृहस्थाने तेथे जाहिरातींचे कार्यालय थाटले. वर्तमानपत्रे असंख्य आणि विखुरलेली. दूरच्या गावातील पत्राचा दर काय, ते चालू आहे की बंद पडले, हेही व्यापाऱ्याला कळत नसे. पामर त्याला ही माहिती देई आणि जाहिरात योग्य त्या पत्राकडे पोहोचवी.

४/ मोबदला मात्र तो व्यापाऱ्याकडून घेत नसे. जाहिरातीच्या रकमेचा चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के, तो वर्तमानपत्राकडून मागे. तो स्वतःला वर्तमानपत्रांचाच प्रतिनिधी म्हणवी. व्यापाऱ्याला सल्ला फुकट मिळाल्यासारखे वाटे; पण सल्ला देणाऱ्याची पोळी दुसऱ्याच्या घरी भाजली जात होती. या व्यवसायाचा पायाच असा तिरका पडला.

५/ पुढची पायरी जॉर्ज रोवेल यांची. १८६५ मध्ये बोस्टनला त्यांनी न्यू इंग्लंडमधील वर्तमानपत्रांची जागा घाऊक भावाने विकत घेऊन ती किरकोळीने विकण्यास आरंभ केला. १०० पत्रांत महिनाभर एक इंच जागा, किंमत १०० डॉलर. येथे एजंट दलालही उरला नाही, तो जागेचा व्यापारी झाला. जागा स्वस्तात घेऊन महाग विकणे यातच त्याचा नफा होता.

६/ रोवेल यांच्या नावावर एक मोठे कामही जमा आहे. १८६९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील वर्तमानपत्रांची सूची छापली आणि तीत प्रत्येकाच्या खपाचा अंदाज दिला. तोवर खपाचा आकडा हे मालकांचे गुपित असे आणि ते तो फुगवून सांगत. बंद मुठीतील माहिती खुली झाली. ‘आमची जाहिरात किती जणांनी पाहिली?’ हा जाहिरातदाराचा आजचा प्रश्न तेव्हाही तितकाच अवघड होता.

७/ त्याच १८६९ साली फिलाडेल्फियात २१ वर्षांच्या फ्रान्सिस वेलँड एयर या तरुणाने २५० डॉलर भांडवलावर एजन्सी काढली. कोवळ्या वयाला पत मिळावी म्हणून पेढीला वडिलांचे नाव दिले: एन. डब्ल्यू. एयर अँड सन. वास्तविक ‘सन’ हाच मालक होता. आरंभी त्याच्याकडे केवळ ११ धार्मिक पत्रे होती.

८/ १८७५-७६ च्या सुमारास एयर यांनी या व्यवसायाची दिशा बदलणारा करार केला. गुलाबाची रोपे विकणारी डिंगी अँड कोनार्ड ही कंपनी त्यांची जाहिरातदार होती. ठरले ते असे: एयर तिच्या वतीने जागा शक्य तितक्या कमी दराने घेतील, वर्तमानपत्राला दिलेला खरा दर तिला दाखवतील आणि त्यावर ठरलेले कमिशन घेतील. आधी साडेबारा टक्के, पुढे पंधरा.

९/ यास ‘ओपन कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजे उघडा करार म्हणतात. एजंट प्रथमच जाहिरातदाराच्या बाजूने खुर्ची ओढून बसला. १८७७ मध्ये तर पामर यांच्या जुन्या पेढीची वारसदार असलेली कंपनीही एयर यांनी आपल्यात सामावून घेतली. वर्तमानपत्रांच्या प्रतिनिधीचे घर जाहिरातदाराच्या प्रतिनिधीने विकत घ्यावे, यात त्या काळाचे सारे वळण आले.

१०/ बाजू बदलली तसे कामही बदलले. १८७९ मध्ये मळणीयंत्रे बनविणाऱ्या निकोल्स-शेपर्ड कंपनीचे काम मिळविण्यासाठी एयर यांच्या कचेरीने ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांना आणि प्रकाशकांना तारा केल्या: तुमच्याकडे यंदा धान्य किती पिकणार? जिथे पीक तिथे मळणी, जिथे मळणी तिथे यंत्राचा गिऱ्हाईक. ही बाजारपाहणीच्या पहिल्या उदाहरणांपैकी एक मानली जाते.

११/ आता ज्या पदाची ही कथा आहे ते पद पाहू. जेम्स वॉल्टर थॉम्पसन हे न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कचेरीत नोकरीस होते. १८७८ मध्ये त्यांनी तीच कचेरी विकत घेतली: धंद्याचे ५०० डॉलर आणि फर्निचरचे ८००! टेबल-खुर्च्या धंद्याहून महाग ठरल्या. याच थॉम्पसन यांना ‘अकाउंट एक्झिक्युटिव्ह’ या पदाच्या जनकत्वाचे श्रेय दिले जाते.

१२/ ‘अकाउंट’ म्हणजे खाते. खातेवहीतील त्या जाहिरातदाराचे पान. मजकूर लिहिणारे, चित्रे काढणारे, जागा घेणारे असे वेगवेगळे लोक कचेरीत आले, तेव्हा जाहिरातदाराने बोलायचे कुणाशी? म्हणून प्रत्येक खात्यामागे एक जबाबदार माणूस नेमला गेला. त्याने मागणी समजून घ्यायची, ती आत पोहोचवायची, तयार काम बाहेर न्यायचे, मंजुरी आणायची आणि बिलही वसूल करायचे.

१३/ मोबदल्याची रीत मात्र पुन्हा जुन्याच वाटेने गेली. १८९३ मध्ये अमेरिकन वृत्तपत्र प्रकाशकांच्या संघटनेने ठराव केला की, कमिशन स्वतंत्र एजन्सीलाच द्यावे, थेट येणाऱ्या जाहिरातदाराला सवलत देऊ नये. पुढे १५ टक्के हा दर रूढ झाला. हिशेब सोपा आहे: छापील दर १०० असेल तर एजन्सी जाहिरातदाराकडून १०० घेते आणि वर्तमानपत्राला ८५ देते.

१४/ या हिशेबात अकाउंट एक्झिक्युटिव्हची कोंडी दडलेली आहे. जाहिरातदाराने खर्च वाढवला की एजन्सीचे उत्पन्न आपोआप वाढते. मग ‘साहेब, यंदा एवढ्या जाहिरातींची गरज नाही’ हे सांगणाऱ्याने स्वतःच्याच पेढीचे नुकसान करायचे! अनेकांनी ते प्रामाणिकपणे सांगितलेही असेल. पण त्या प्रामाणिकपणाला व्यवस्थेचे पाठबळ नव्हते.

१५/ हीच पद्धत मुंबईत कशी आली? गिरगावातील बी. दत्तराम अँड कंपनी (१९०५) ही भारतातील अगदी आरंभीच्या जाहिरात एजन्सींपैकी एक गणली जाते. परदेशी एजन्सीच्या आगमनाचे कारण मात्र मोटारगाडी ठरली. जनरल मोटर्सचे जिथे जिथे कारखाने, तिथे तिथे आपली कचेरी उघडण्याचे थॉम्पसन कंपनीने १९२७ मध्ये मान्य केले होते.

१६/ जनरल मोटर्सने मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली आणि १९२९ मध्ये थॉम्पसनची कचेरीही मुंबईत उघडली. एका जाहिरातदाराचे बोट धरून एजन्सीने समुद्र ओलांडला. हीच कचेरी पुढे ‘हिंदुस्थान थॉम्पसन असोसिएट्स’ म्हणून नावारूपास आली. १९३९ मध्ये मुंबईत लिंटास सुरू झाली, तिची गोष्ट याहून एक पाऊल पुढची आहे.

१७/ लिंटास या नावाचा विस्तार ‘लिव्हर इंटरनॅशनल ॲडव्हर्टायझिंग सर्व्हिस’. साबण बनविणाऱ्या लिव्हर कंपनीचा घरचाच जाहिरात विभाग एजन्सी म्हणून उभा राहिला. येथे ‘माणूस कुणाचा’ हा प्रश्न उरलाच नाही! इतर एजन्सींना मात्र भारतातही वर्तमानपत्रांच्या संघटनेची मान्यता आणि १५ टक्के कमिशन हीच चौकट लाभली. मुंबईच्या बोलीत या पदाचे नाव पडले ‘क्लायंट सर्व्हिसिंग’.

१८/ चौकटीला पहिला मोठा तडा अमेरिकेत गेला. एजन्सींनी संगनमताने एकच कमिशन ठरवणे हा स्पर्धेचा भंग आहे, असा दावा सरकारने १९५५ मध्ये लावला. १९५६ मध्ये एजन्सींच्या संघटनेने तडजोडीचा हुकूमनामा मान्य केला आणि ठरावीक दराची सक्ती संपली. १९६० मध्ये डेव्हिड ओगिल्व्ही यांनी शेल या तेल कंपनीचे काम कमिशनऐवजी ठोक शुल्कावर स्वीकारले, तेव्हा व्यवसायात खळबळ उडाली.

१९/ दुसरा तडा लंडनमध्ये, आणि तोही घरातूनच. १९६८ मध्ये स्टॅनली पॉलिट आणि स्टीफन किंग यांनी आपापल्या एजन्सीत ‘अकाउंट प्लॅनिंग’ सुरू केले. पॉलिट यांची तक्रार रोखठोक होती: हाती पाहणीचे आकडे भरपूर असतात, पण अकाउंटचा माणूस त्यांतून सोयीचे तेवढे उचलतो. म्हणून त्याच्या शेजारी, त्याच्याच दर्जाचा, सामान्य ग्राहकाची बाजू मांडणारा प्लॅनर बसवला गेला.

२०/ तिसरा उपाय फ्रान्सने कायद्याने केला. २९ जानेवारी १९९३ च्या ‘सापँ कायद्या’नुसार जाहिरातीची जागा घेणारा मध्यस्थ जाहिरातदाराच्या लेखी अधिकारपत्रानेच काम करू शकतो, त्याला मोबदला जाहिरातदाराकडूनच घेता येतो आणि माध्यमाने बिल थेट जाहिरातदाराला पाठवावे लागते. पामर यांची १८४० ची रीत १५० वर्षांनी बेकायदा ठरली, निदान एका देशात.

२१/ एवढ्यात इंटरनेट आले. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी आदी कंपन्यांच्या बॅनर जाहिराती झळकल्या. किती जणांनी क्लिक केले हे आता मोजता येऊ लागले. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने ३५० जाहिरातदारांसह ‘ॲडवर्ड्स’ सुरू केले. क्रेडिट कार्ड असलेला कोणताही दुकानदार मध्यस्थावाचून स्वतः जाहिरात देऊ शकत होता.

२२/ मग मध्यस्थ नाहीसा व्हायला हवा होता. झाले उलटेच. माध्यमे शेकड्यांनी वाढली, दर क्षणाक्षणाला लिलावाने ठरू लागले, अहवालांचे ढीग साचले. जाहिरातदार पुन्हा पामर यांच्या काळातील व्यापाऱ्यासारखा गोंधळला आणि समजावून सांगणारा माणूस पुन्हा आवश्यक झाला. आजचा क्लायंट मॅनेजर ब्रीफ घेतो, बजेट सांभाळतो, वेळापत्रक पाळवून घेतो आणि आकड्यांचा अर्थ लावतो.

२३/ त्याच्याबरोबर जुनी कोंडीही परतली. अनेक डिजिटल एजन्सी आजही जाहिरातखर्चाच्या टक्केवारीने शुल्क घेतात. गूगलचा ‘पार्टनर’ हा बिल्ला हवा असेल, तर एजन्सीने ९० दिवसांत किमान १०,००० डॉलरचा जाहिरातखर्च हाताळलेला असावा, ही एक अट आहे. म्हणजे खर्च वाढला की मान वाढतो, आणि तो मान देणारे स्वतः जागा विकणारे माध्यमच!

२४/ २०१६ मध्ये अमेरिकेतील जाहिरातदारांच्या संघटनेने चौकशी करवून घेतली. माध्यमांकडून एजन्सींना परस्पर सूट आणि परतावे मिळतात व ते जाहिरातदाराला सांगितले जात नाहीत, असे अहवालात नमूद झाले. साक्षीदार निनावी आहेत आणि चित्र एकतर्फी आहे, असा एजन्सींच्या संघटनेचा आक्षेप होता. फ्रान्सने मात्र आपला १९९३ चा नियम २०१८ पासून डिजिटल जाहिरातींनाही स्पष्टपणे लागू केला.

२५/ यात क्लायंट मॅनेजर खलनायक नाही. बहुधा तो विशी-तिशीतला, रात्री उशिरापर्यंत अहवाल जुळवणारा नोकरदार असतो, आणि मोबदल्याची रचना त्याने ठरवलेली नसते. पण एखाद्या लहान उद्योजकाची वर्षाची पुंजी त्याच्या एका सल्ल्यावर अवलंबून असते. एयर यांच्यासारखा खरा दर समोर ठेवायचा, की रोवेल यांच्यासारखी फक्त किंमत सांगायची, ही निवड त्याच्या पुढ्यात रोज येते.

२६/ इतिहासाच्या अभ्यासकासाठी यात एक साधी रीत आहे. कोणत्याही काळातील मध्यस्थ अभ्यासताना, मग तो अडत्या असो, दुभाषा असो वा एजंट, त्याची पदवी आणि त्याने दिलेली वचने जरूर वाचावीत. आणि मग त्याची खातेवही उघडावी. पोळी कुणाच्या घरची, हे तिथे लिहिलेले असते.

तुमच्यापैकी कुणी क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये काम करत असेल, तर तुमच्या एजन्सीचा मोबदला कसा ठरतो, हे अवश्य लिहा.

(समाप्त)