किक, प्लग आणि पाना

बंगळुरूहून बोलतोय. आज लढाईची गोष्ट नाही, पण लढाईने शिकवलेल्या एका सवयीची आहे: यंत्र जिथे बंद पडलं, तिथेच होईल तेवढं दुरुस्त करायचं.

दुसऱ्या महायुद्धात सैन्य मोटारींवर आलं. बंद पडलेली प्रत्येक गाडी मागे ओढून नेणं परवडत नव्हतं, म्हणून कारागीरच पुढे पाठवले गेले. 1942 मध्ये ब्रिटिश सैन्यात आणि 1943 मध्ये भारतीय सैन्यात दुरुस्तीची स्वतंत्र कोअर उभी राहिली. तीच आजची ईएमई. लहान काम पुढे, मोठं मागे. आणि पहिली तपासणी चालकाने स्वतः करायची.

पुढे घराघरांत हीच वाटणी दिसू लागली. ती कुणी शिकवली नाही, गरजेने आली. इथून जवळच, म्हैसूरला, साठच्या दशकात आयडियल जावाच्या मोटारसायकली बनू लागल्या. 1973 पासून त्याच येझदी झाल्या. 1972 मध्ये पुण्याजवळ आकुर्डीची बजाज चेतक आली आणि त्याच वर्षी फिरोदियांची लूना. चेतकचा नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जात. एवढ्या प्रतीक्षेनंतर आलेली गाडी बंद ठेवून कोण बसणार? रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात गोणपाट अंथरलं जायचं आणि डिकीतला प्लग पाना बाहेर निघायचा.

हे जमायचं, कारण ती टू-स्ट्रोक इंजिनं समजण्याजोगी होती. वरती व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. बिघाड शोधायला तीनच प्रश्न पुरत. पेट्रोल येतंय का? ठिणगी पडतेय का? कॉम्प्रेशन आहे का? प्लग काढून बघायचा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही: कॉक, नळी, कार्ब्युरेटरचा जेट तपासा. ओला असेल तर पेट्रोल ओव्हर झालंय किंवा ठिणगी नाही. काळा, तेलकट असेल तर ऑइल जास्त किंवा मिश्रण गडद. किक पोकळ लागली, तर मात्र पिस्टन-रिंगचं काम, ते मेकॅनिककडे.

याला लोक ‘जुगाड’ म्हणतात, ते मला पटत नाही. जुगाडात कारण न शोधता वेळ मारून नेली जाते. इथे एकेक शक्यता क्रमाने बाद केली जायची. हातात पाना होता, पण काम डोक्याचं होतं.

त्या इंजिनांबद्दल हळहळण्याचं मात्र कारण नाही. टू-स्ट्रोकमध्ये काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं. 2000 पासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि ही इंजिनं मागे पडली, ते योग्यच झालं. 2020 च्या बीएस-6 नंतर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटरही जवळजवळ गेला. त्याच वर्षी चेतक परतली ती विजेवर, आणि पहिल्या दोन शहरांत पुण्याबरोबर आमचं बंगळुरूही होतं.

पण ग्रासकटर, फवारणीचा पंप, लहान जनरेटर यांत जुनी रचना अजून जिवंत आहे. 2023 च्या फेब्रुवारीत वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात बंगळुरूतच झाली. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. म्हणून हंगाम संपला की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. यंत्र महिनोन्‌महिने पडून मग सुरू होत नसेल, तर आधी शिळं पेट्रोल बदला, जेट साफ करा. काम उघड्यावर आणि इंजिन थंड असताना करा. ठिणगी तपासताना सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या.

2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. वाहनं आणि शेतीची अवजारं तिच्या कक्षेत आहेत. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका ग्राहकाला मिळाव्यात, हा त्यामागचा मुद्दा. हक्क कागदावर मिळेलही. पण तो वापरायचा तर घरात कुणाला तरी ते तीन प्रश्न क्रमाने विचारता आले पाहिजेत. नातवंडांना पुढच्या सुट्टीत एक जुना प्लग काढायला लावा. नवा घालण्याआधी जुना का बिघडला, ते त्यांनाच सांगू द्या.