निहोनियम : तीन अणूंच्या साक्षीने सिद्ध झालेले मूलद्रव्य

निसर्गात लक्षणीय प्रमाणात आढळणारे सर्वांत जड मूलद्रव्य म्हणजे युरेनियम. त्याचा अणुक्रमांक ९२. १०४ व त्यापुढील अणुक्रमांकांची ‘अतिजड’ मूलद्रव्ये प्रयोगशाळेतच घडवावी लागतात. त्यांपैकी ११३ क्रमांकाचे निहोनियम जपानमधील रिकेन संस्थेत कोसुके मोरिता यांच्या गटाने घडवले.

निर्मितीचे तत्त्व साधे आहे. जस्ताच्या अणुकेंद्रकात ३० प्रोटॉन असतात, बिस्मथच्या केंद्रकात ८३. दोन्हींचा संयोग झाल्यास बेरीज ११३ होते. मात्र धनभारित केंद्रके एकमेकांना दूर लोटतात. म्हणून जस्ताची केंद्रके प्रकाशाच्या सुमारे एकदशांश वेगाने बिस्मथच्या पातळ थरावर आदळवली जातात. वेग अपुरा पडल्यास संयोग होत नाही. अधिक झाल्यास संयुक्त केंद्रक दुभंगते. सेकंदाला सुमारे २.४ लाख कोटी केंद्रकांचा मारा करूनही २००३ ते २०१२ या काळात केवळ तीन अणू हाती आले.

खरी कसोटी ओळख पटवण्याची होती. हा अणू सेकंदाच्या सहस्रांशाच्या आसपासच टिकतो; त्यामुळे त्याचे रासायनिक परीक्षण शक्य नव्हते. तो अल्फा कण बाहेर टाकतो आणि प्रत्येक कणासोबत दोन प्रोटॉन गमावतो. ही साखळी पूर्वपरिचित केंद्रकापर्यंत पोहोचली, तर उलट मोजून मूळ अणूचा क्रमांक ठरवता येतो. २००४ व २००५ मध्ये मिळालेल्या अणूंच्या साखळ्या चार अल्फा कणांनंतर १०५ क्रमांकाच्या डुब्नियमपाशी दुभंगून संपल्या. त्या मान्यतेस अपुऱ्या ठरल्या. तेव्हा या गटाने क्यूरियमवर सोडियमचा मारा करून साखळीतील बोहरियम स्वतंत्रपणे घडवले व त्याचा क्षय तपासला. १२ ऑगस्ट २०१२ रोजी मिळालेल्या तिसऱ्या अणूने सहा अल्फा कण टाकले आणि साखळी १०१ क्रमांकाच्या मेंडेलेव्हियमपर्यंत पोहोचली.

रशियातील डुब्ना येथील रशियन-अमेरिकी गटाचाही ११३ क्रमांकावर दावा होता. डिसेंबर २०१५ मध्ये शोधाचे श्रेय रिकेनला मिळाले; नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘निहोनियम’ या नावावर शिक्कामोर्तब झाले. ‘निहोन’ म्हणजे जपान. १९०८ मध्ये मासाताका ओगावा यांनी ‘निप्पोनियम’ हे नाव सुचवले होते. परंतु ४३ व्या मूलद्रव्याचा त्यांचा दावा टिकला नाही. आवर्तसारणीत जपानच्या नावाला जागा मिळण्यास त्यानंतर शतकाहून अधिक काळ लागला.